डेल्मरच्या ट्रेलरचे ब्रेक

आमच्या पार्कात कुणी गाडीचे बॉनेट उघडले, की पाच मिनिटांत तिथे तीन घडीच्या खुर्च्या येतात. खुर्च्यांत माणसे असतात. सगळी सत्तरीच्या पुढची, सगळ्यांना सगळे येते, आणि कुणालाही दुसरे काम नसते. ॲरिझोनाच्या वाळवंटात घरगाड्या घेऊन हिवाळा काढायला येणाऱ्या आम्हा उत्तरेकडच्या म्हाताऱ्यांचा हा धर्मच आहे. माणूस अडचणीत असला तर त्याला त्याच्या मनाप्रमाणे एकटे राहू द्यायचे. पण त्याची गाडी अडचणीत असली तर सोडायचे नाही.

डेल्मर क्विस्टची गाडी फेब्रुवारीत अडचणीत आली. खरे तर गाडीला काही झाले नव्हते. ती फक्त छत्तीस वर्षांची झाली होती.

पार्कचे मालक बदलले होते. नव्या मालकांना कुणी पाहिले नव्हते. त्यांनी आधी फाटकावरची पाटी बदलली, मग पोहण्याच्या तलावाच्या फरशा बदलल्या, आणि मग पत्र काढले की दहा वर्षांपेक्षा जुनी घरगाडी पार्कात ठेवता येणार नाही, कारण त्याने देखणेपणाला बाधा येते. गावातल्या बाकीच्या पार्कांत हा नियम आधीपासूनच होता. आमच्याकडे तो नव्हता, कारण पार्कातली सर्वांत जुनी गाडी जुन्या मालकाची स्वतःची होती.

नियमात चार गाड्या सापडल्या. तिघे मुकाट्याने निघून गेले. उरला डेल्मर.

डेल्मर एक्याऐंशी वर्षांचा. मिनेसोटात धान्याच्या कोठारावर त्याची हयात गेली. बोलणे कमी, आणि जे बोलेल ते हवेबद्दल. त्याची बायको आर्डिस पार्कापासून दोन मैलांवरच्या शुश्रूषागृहात होती. रोज सकाळी अकराला हा आपली तीनचाकी सायकल काढायचा आणि तिला दुपारचे जेवण भरवायला जायचा. तिला तो नवरा म्हणून आठवत नव्हता. कोठारावर वजन करणारा कुणी भला माणूस आहे, अशी तिची समजूत होती. पण खायची त्याच्याच हातून. तिथल्या मुलींनी चमचा पुढे केला की ओठ घट्ट मिटून घ्यायची. मिनेसोटातल्या त्यांच्या गावाजवळच्या शुश्रूषागृहात तिच्यासाठी जागा होणार होती, पण ऑगस्टमध्ये. तोवर डेल्मरला इथेच राहणे भाग होते. जुन्या गाडीला घेणारे सर्वांत जवळचे पार्क एकशे चाळीस मैलांवर होते, आणि ते अंतर तीनचाकी सायकलचे नव्हते. पार्काबाहेरच्या उघड्या माळावर गाडी लावता येते, पण चौदा दिवस. शिवाय विजेशिवाय, आणि मेनंतर तिथे सरडेसुद्धा सावली शोधतात.

"मग तुम्ही सगळे मिळून त्या तान्याला जाऊन का नाही सांगत?" माझी बायको बेव्ह म्हणाली. तान्या म्हणजे पार्कच्या ऑफिसातली बाई.

"सांगू की," मी म्हणालो.

बेव्हला 'सांगू की'चा अर्थ पंचेचाळीस वर्षांच्या संसारातून माहीत आहे. तिने स्वतःच एक अर्ज लिहिला. डेल्मरला ऑगस्टपर्यंत सूट द्यावी, खाली आम्ही सह्या करणार. अर्ज घेऊन ती दारोदार फिरली. सगळ्यांनी तिला खुर्ची दिली, थंड चहा दिला आणि म्हणाले की फार चांगले काम करते आहेस. सही मात्र कुणी केली नाही. कुणाची गाडी सात वर्षांची होती, कुणाची नऊ. सही केली की नाव मालकांच्या नजरेत येते.

"हॅल, तू तरी कर," ती म्हणाली.

"आपली गाडी आठ वर्षांची आहे, बेव्ह."

"मी गाडीची सही मागत नाहीये."

अर्जावर शेवटपर्यंत एक सही राहिली आणि एक कॉफीचा डाग.

तान्या वाईट नव्हती. तिने पत्र वाचून एक पळवाट काढून दिली. डेल्मरच्या जागेवर घरगाडीशिवाय एक ट्रेलरही होता. आर्डिस गोधड्या शिवायची, त्या कामाचे बारा फुटी यंत्र त्या ट्रेलरात बसवलेले. पूर्वी तो ट्रेलर डेल्मरची पिकअप ओढायची. ती पिकअप तीन वर्षांपूर्वी मेली. आता ओढायचा तर घरगाडीने, आणि ट्रेलर एवढा जड, की त्याला विजेचे ब्रेक नसतील तर रस्त्यावर काढणे कायद्यात बसत नाही. ट्रेलरला ब्रेक होते, पण घरगाडीत ते चालवणारी वायरिंग नव्हती. तान्याने पत्राच्या खाली पेनने लिहिले: 'ब्रेकची दुरुस्ती पूर्ण होईपर्यंत मुक्कामास परवानगी.' आणि सही केली.

डेल्मरने ते पत्र चारच्या बैठकीत आम्हाला दाखवले. आमच्याकडे रोज दुपारी चारला सगळे एकत्र बसतात. बिअर, थंड चहा, बटाट्याचे वेफर्स, आणि ज्याच्या त्याच्या गुडघ्याचा इतिहास. पत्र हातोहात फिरले. 'परवानगी' हा शब्द डेल्मरने वाचला असावा. आम्ही 'दुरुस्ती' हा वाचला.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला त्याच्या दारात अकरा जण उभे होते, आपापल्या पकडी घेऊन.

"अरे, घाई नाहीये," डेल्मर म्हणाला.

"घाई कशाला लागते? हे चार दिवसांचं काम," गस पोलमन म्हणाला. गस म्हणजे आमच्यातला सर्वांत मोठा तज्ज्ञ. चाळीस वर्षे रेल्वेत सिग्नलचा इलेक्ट्रिशियन. "माझ्या सिग्नलखाली एक गाडी कधी आपटली नाही."

"आपटलेल्यांनी नंतर तक्रार केली नसेल," मी म्हणालो. मी हायस्कुलात पदार्थविज्ञान शिकवायचो. म्हणजे वीज मला तोंडपाठ आहे.

काम तसे सोपे असते. ड्रायव्हरच्या गुडघ्यापाशी एक छोटी डबी बसवायची. तिला चार वायरी. काळी बॅटरीला, पांढरी अर्थिंगला, लाल ब्रेकच्या पेडलवरच्या स्विचला, आणि निळी गाडीच्या पोटाखालून तीस फूट मागे, ट्रेलरच्या प्लगपर्यंत. पेडल दाबले की डबी निळ्या वायरीतून वीज सोडते, ट्रेलरच्या चाकांतली चुंबके ओढली जातात आणि चाके थांबतात. पण छत्तीस वर्षांच्या गाडीत एकही वायर तिच्या मूळच्या रंगाची नव्हती. उन्हाने सगळ्या वायरींचा एकच रंग केला होता, आमच्यासारखा.

लाल वायर कुठे जोडायची यावर दीड दिवस गेला. मी म्हणत होतो, मागच्या दिव्यावरून घेऊ, जवळ पडते.

"घे ना," गस म्हणाला. "म्हणजे हा डावीकडे वळायचा दिवा लावेल तेव्हा ट्रेलर टिकटिक करत ब्रेक मारेल. तू मुलांना हेच शिकवायचास का रे?"

ते बरोबर होते. म्हणूनच मला ते विसरता आले नाही.

चौथ्या दिवशी चारच्या ठोक्याला काम संपले. चारला आमच्याकडे हत्यारे खाली ठेवतात; अंगावर वायर धरलेली असली तरी. त्यामुळे चाचणी नेहमी दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला. चाचणी करायची रीत अशी. ट्रेलर आपल्या पायावर उभा, फक्त प्लग जोडलेला. एकाने गाडीत बसून डबीचा खटका दाबायचा, दुसऱ्याने चाकाजवळ होकायंत्र धरायचे. चुंबकात वीज आली की सुई गर्रकन चाकाकडे वळते.

सुई वळली नाही. उत्तरेकडेच बघत राहिली.

"अरेरे," डेल्मर म्हणाला. "इतके कष्ट घेतलेत." आणि सायकल काढून आर्डिसला भरवायला गेला.

पुढचे पाच आठवडे हेच झाले. डबी बदलली. निळी वायर बदलून जाड टाकली. प्लग बदलला. लाल वायर काढून पुन्हा जोडली. ट्रेलरचे दिवे लागत, वळायचे दिवे लागत, ब्रेक तेवढे नाही. मीटर लावले तर मीटर म्हणे, वीज जाते आहे, परतही येते आहे. चारही चाकांच्या चुंबकांच्या परतीच्या वायरी एका कडीत गोळा करून ती कडी ट्रेलरच्या सांगाड्याला बोल्टने आवळलेली असते. गसने ती दोनदा खोलली, दोनदा नवी बसवली, घासून लख्ख केली, मीटरचे टोक टेकवून बघितले. उत्तम. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला सुई उत्तरेकडे.

पार्कात दोन पक्ष पडले. गसचा पक्ष म्हणायचा, हॅलने दाबलेले वायरींचे जोड कच्चे आहेत. माझा पक्ष म्हणायचा, गसला रेल्वेच्या जबर दाबाच्या विजेची सवय आहे, नाजूक काम जमत नाही. बायका एकमेकींशी जपून बोलू लागल्या. रोज चारला नवा सिद्धान्त मांडला जायचा. डेल्मर सर्वांचे शांतपणे ऐकायचा, दोन्ही पक्षांना बिअर द्यायचा. उलट तो त्या दिवसांत जरा उजळलाच होता. आम्हाला वाटले, माणसांत मिसळल्याचा परिणाम.

एका रात्री जेवताना बेव्ह म्हणाली, "हॅल, एक विचारू? ते ब्रेक चालले, की त्याला जावं लागणार ना?"

"हो."

"मग तुम्ही ते चालावेत म्हणून का मरताय?"

"ब्रेक चालायलाच पाहिजेत, बेव्ह. ते ब्रेक आहेत."

तिने भांडे माझ्याकडे सरकवले. मग म्हणाली, "बटाटे घे."

मार्चच्या मध्यावर एका दुपारी, डेल्मर शुश्रूषागृहात आणि गस डुलकीत असताना, मी एकटाच ट्रेलरखाली शिरलो. गस नसताना शोधायचे होते. ती कडी मी तिसऱ्यांदा खोलली आणि उन्हात धरली. चकचकीत होती. जरा जास्तच चकचकीत होती. नख लावले तर काचेसारखा पातळ पापुद्रा निघाला. कडीला दोन्ही बाजूंनी, वायसरला, बोल्टच्या आट्यांनाही. बिनरंगी नेलपॉलिश. मीटरचे टोक सुईसारखे. ते पापुद्र्यातून आत घुसते आणि सगळे ठीक असल्याचे सांगते. बोल्ट मात्र नुसता आवळलेला असतो, त्यातून वीज जात नाही.

बेव्ह आणि मी नाताळात आर्डिसला भेटायला गेलो होतो, तेव्हा डेल्मर तिची नखे रंगवत बसला होता. चमचा धरतो तसाच ब्रशही धरायचा. करंगळी वर करून.

मला समजायला अर्धे मिनिट लागले. चारला आम्ही उठायचो, सकाळी नऊला परत यायचो. मधल्या वेळात तो आपले काम करायचा. त्याला ऑगस्टपर्यंतही रेटायचे नव्हते. मेच्या पहिल्या आठवड्यात आम्ही सगळेच उत्तरेला निघून जातो. मग पार्कात दुरुस्ती करणारे कुणी उरणार नाही, दुरुस्ती पूर्ण होणार नाही, आणि तान्याची सही असलेले पत्र त्याच्या खिशात राहणार. फक्त सात आठवडे त्याला आमच्या मदतीतून जिवंत सुटायचे होते.

मी कडी होती तशी बसवली. बोल्ट आवळला. हात पुसले. त्या वेळी मी चांगला माणूस होतो. घड्याळात बघितले म्हणून सांगतो, दुपारचे सव्वाबारा वाजले होते.

चारपर्यंत टिकलो.

बैठकीला त्या दिवशी वीसेक माणसे होती. तान्याही गोल्फची गाडी बाजूला लावून बिअर पीत होती. डेल्मर अजून आला नव्हता. आर्डिसला सर्दी झाली होती, म्हणून तो थांबला असेल. गस उभा राहिला.

"मी आता शेवटचं सांगतो," गस म्हणाला. "वायरिंग माझं चोख आहे. दोष हॅलच्या जोडांत आहे. उद्या मी त्याचे सगळे जोड कापून नव्याने दाबणार. हॅल, मनाला लावून घेऊ नकोस. पुस्तकातली वीज वेगळी आणि वायरीतली वेगळी."

लोक हसले. माझ्या पक्षातलेही हसले. बेव्ह नाही हसली, पण ती माझ्याकडे बघतही नव्हती.

"तुझ्या कडीवर थर आहे, गस," मी म्हणालो.

"कसला थर?"

"थर आहे. दोनदा हातात घेतलीस आणि दिसला नाही तुला. चाळीस वर्षं सिग्नल बघितलेस ना?"

मी नेलपॉलिश म्हणालो नाही. एवढे माझ्या बाजूने नोंदवून ठेवतो. पण त्याची गरज पडली नाही. गस तसाच उठला, सँडपेपर घेतला, आणि आमच्या पार्काच्या इतिहासात पहिल्यांदा चार वाजून दहा मिनिटांनी लोक हत्यारे घेऊन चालू लागले. खुर्च्याही घेतल्या. कुणीतरी वेफर्सचे भांडे घेतले.

गसने कडी घासली. बोल्टच्या आट्या घासल्या, वायसर नवा टाकला. "खटका दाब," तो ओरडला. मी गाडीत बसून खटका दाबला. चाकांतून गुरगुर ऐकू आली. मांजर खूश झाल्यासारखी. होकायंत्राची सुई फिरली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. गसने मला मिठी मारली. पाच आठवड्यांचे दोन पक्ष एका क्षणात एक झाले आणि दोघांनाही वाटले की आपण जिंकलो.

डेल्मर त्याच वेळी सायकलवरून फाटकातून आत आला. आधी त्याने टाळ्या ऐकल्या असतील. जवळ येऊन त्याने पाय खाली टेकला. सुई बघितली, सँडपेपर बघितला, मग एकेकाचा चेहरा बघितला. माझ्यापाशी जरा जास्त वेळ थांबला असे मला वाटते. पण तसे मला वाटणारच.

"चालले," गस म्हणाला. "म्हातारबा, चालले."

"छान झालं," डेल्मर म्हणाला. "फार कष्ट घेतलेत तुम्ही." आणि प्रत्येकाशी हात मिळवला.

तान्याने बिअर खाली ठेवली. "डेल्मर, मला सांगायला नको वाटतं," ती म्हणाली, "पण मी इथं हजर होते. बघितलं नाही असं म्हणता येत नाही मला. शुक्रवारपर्यंत चालेल?"

"चालेल," डेल्मर म्हणाला.

गुरुवारी आम्ही त्याला जंगी निरोप दिला. प्रत्येकाने एकेक पदार्थ आणला. तीन प्रकारचे बटाट्याचे सॅलड होते, डुकराच्या मांसाचा रोस्ट होता, मिनेसोटाच्या माणसासाठी म्हणून कुणीतरी कॅनमधल्या सूपमध्ये नूडल्स भाजून आणल्या होत्या. ज्यांनी अर्जावर सही केली नव्हती त्यांनी निरोपाच्या कार्डावर केली. कार्डावर जागा कमी पडली. काही जणांनी मागच्या बाजूला केल्या.

डेल्मरने खाल्ले, आभार मानले. निघताना माझ्याजवळ आला.

"थर तुला सापडला म्हणे."

"अपघाताने," मी म्हणालो.

"नाही, नाही. त्याला नजर असावी लागते." त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "तिला दुपारी भरवायला कुणी गेलं तर बरं होईल. तिथल्या मुली चांगल्या आहेत, पण त्यांना घाई असते."

"आम्ही जाऊ," बेव्ह मागून म्हणाली.

शुक्रवारी सकाळी नऊला तो एकशे चाळीस मैलांवरच्या त्या पार्काकडे निघाला. फाटकाशी त्याने ब्रेक लावला आणि घरगाडी व ट्रेलर एकत्र, एका श्वासात थांबले. जराही हिसका नाही. गस म्हणाला, "बघ, काय काम आहे." मी म्हणालो, "हो." काम खरोखर सुरेख झाले होते.

त्या दिवसापासून बेव्ह रोज अकराला शुश्रूषागृहात जाते. मी दोनदा गेलो. आर्डिस खिडकीपाशी बसते. बेव्ह चमचा पुढे करते, ती ओठ मिटून घेते आणि नम्रपणे विचारते, "वजन करणारे आज सुट्टीवर आहेत का?" बेव्ह हो म्हणते. "मग मी थांबते," ती म्हणते. सूप थंड होते. दंडाला सलाईन लावलेली असते, पण तिची सुईसुद्धा ती कुणी बघत नसताना काढून ठेवते, घडी घातल्यासारखी नीट.

डेल्मर रोज एक वाजता फोन करतो. फोन मी घेतो, कारण बेव्ह घेत नाही.

"खाल्लं का?" तो विचारतो.

"हो, थोडं खाल्लं," मी सांगतो.

पहिले चार दिवस एवढेच चालले. पाचव्या दिवशी त्याने विचारले, "काय खाल्लं?"

"भोपळ्याचं सूप," मी म्हणालो. त्या दिवशी ताटात खरेच भोपळ्याचे सूप होते.

पलीकडे वारा होता, आणि त्याच्या गाडीच्या दाराचा आवाज.

"साठ वर्षांत तिने भोपळ्याला तोंड लावलं नाही," डेल्मर म्हणाला.

"आता खाते," मी म्हणालो. "विसरली असेल."

"असेल," तो म्हणाला. "बरं झालं मग."

बेव्ह दारात उभी होती. तिने ते सगळे ऐकले. माझी खुर्ची बाहेरून आत आणून भिंतीला टेकवून ठेवली आणि तिची तेवढी बाहेर राहू दिली.

दुसऱ्या दिवशी बरोबर एकला फोन वाजला. मी तयारी करून बसलो होतो. वाटाणे म्हणणार होतो. तिने काय खाल्ले ते त्याने विचारलेच नाही. खाल्ले का, हेही विचारले नाही.

"हवा कशी आहे तिकडे?" तो म्हणाला.

"ऊन आहे," मी म्हणालो.

आठवड्याभरात मी त्याला सांगितलेली ती एकच खरी गोष्ट होती.